शाळा सोडायची की थांबवायची?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला. उद्या रेड अलर्ट, सर्व शाळांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या गॅलरीत कडक ऊन पडलं होतं. सासूबाईंनी, त्यांना मी अम्मीच म्हणते, संधी साधून दमट झालेल्या गोधड्या कठड्यावर टाकल्या. पालकांच्या ग्रुपवर विनोदांचा पाऊस सुरू झाला. एका वडिलांनी लिहिलं, ‘टीचर, आज मुलांना उन्हाची सुट्टी आहे का?’ मलाही हसू आलं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा अलर्ट आला. या वेळी शाळा चालू होती आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं छत्रीशिवाय आली होती. ‘अब्बू बोले, कुछ नहीं होता, वो लोग ऐसेच बोलते हैं.’ दुपारी मुलं भिजून चिंब घरी गेली.

हवामानाचा अंदाज चुकला की आपण हसतो. मीही हसते, पण माझं हसणं फार टिकत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्यावर असा एक दिवस आला होता. त्याबद्दल शेवटी लिहीन. त्या दिवसानंतर चुकलेल्या अंदाजांविषयी जे हाती येईल ते वाचायची मला सवय लागली, आणि वाचता वाचता मी जाऊन पोहोचले ते थेट बर्फात. फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला सोडला तर मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. तरी अमेरिकेतल्या एका हिमवादळाची तारीख मला घरातल्या वाढदिवसांसारखी पाठ आहे. १२ जानेवारी १८८८, वार गुरुवार.

अमेरिकेच्या मधोमध मैलोन्‌मैल सपाट गवताळ प्रदेश आहे. नेब्रास्का, मिनेसोटा आणि तेव्हा राज्याचा दर्जा न मिळालेला डाकोटा. नॉर्वे, जर्मनी अशा देशांतून आलेली माणसं तिथे नुकतीच वसली होती. झाडं कमी, दगड कमी, म्हणून गवताच्या मुळांनी धरलेल्या मातीचे ठोकळे कापून घरं बांधायची. शाळाही तशाच. एक खोली, एक शेगडी, एक शिक्षिका. ही शिक्षिका बहुतेक वेळा सतरा-अठरा वर्षांची मुलगी असे आणि तिचे थोराड विद्यार्थी कधीकधी तिच्याच वयाचे असत. मुलं शेतांमधून एक-दोन मैल चालत यायची.

त्या आठवड्यात थंडीने सगळ्यांना घरात कोंडून ठेवलं होतं. बारा तारखेची सकाळ मात्र एकदम मऊ उजाडली. हवेत ऊब होती. शेतकऱ्यांनी गुरं बाहेर काढली, राहिलेली कामं हाती घेतली. मुलं बऱ्याच दिवसांनी शाळेत निघाली, तीही जाड कोट न घालता. आज कशाला हवा कोट, असं म्हणणारं मूल आणि ‘बरं, जा’ म्हणणारी आई यांना सवाशे वर्षांनंतरही मी ओळखते.

ही ऊब म्हणजे वादळ नसल्याची खूण नव्हती, ती वादळाचाच पुढचा भाग होती. कमी दाबाचा पट्टा जवळ येताना दक्षिणेकडची गरम हवा आपल्या पुढ्यात ओढून घेतो. त्याच्या पाठीमागे उत्तर ध्रुवाकडची हवा भिंतीसारखी चालून येत असते. पश्चिमेच्या भागात ती सकाळीच पोहोचली, पूर्व नेब्रास्कात दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला. पाहणाऱ्यांनी सांगितलं की आधी क्षितिजावर काळा पट्टा दिसला, मग एकदम गर्जना झाली आणि दिवसाची रात्र झाली. हिमकण पिठासारखे बारीक होते. ते डोळ्यांत, नाकात, कपड्यांच्या शिवणीतून आत शिरत होते. स्वतःचा हात दिसत नव्हता. रात्रीपर्यंत काही ठिकाणी पारा शून्याखाली तीस अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. गोठा आणि घर यांच्यामधल्या अंगणात माणसं वाट चुकून मेली. मृतांचा आकडा साधारण २३५ सांगितला जातो, काही जण तो याहून बराच मोठा मानतात. त्यांत शाळकरी मुलं इतकी होती की या वादळाला ‘मुलांचं हिमवादळ’ असंच नाव पडलं.

मग अंदाज नव्हता का? होता. त्या काळी हवामानाचं खातं अमेरिकेच्या लष्कराकडे, सिग्नल कोअरकडे होतं. जागोजागच्या ठाण्यांतून तारेने तापमान आणि हवेचा दाब कळवला जाई. त्यावरून सेंट पॉल शहरात लेफ्टनंट थॉमस वुड्रफ नावाचा अधिकारी या भागाचा अंदाज काढत असे. थंडीची लाट येणार हे त्याने ओळखलं होतं. पण त्याच्या हिशेबाने ती डाकोटा आणि नेब्रास्कात रात्री यायची होती. ती दिवसा आली. शिवाय इशारा द्यायचा कसा, तर तारघर असलेल्या गावात पांढऱ्या कापडावर काळा चौकोन असलेला झेंडा उभारून. शहरातला तो झेंडा माळरानावरच्या मातीच्या शाळेतून कसा दिसणार? त्या दिवशी आकाशाखेरीज त्या मुलींना सांगणारं कोणी नव्हतं, आणि आकाश सकाळपासून गोड बोलत होतं.

आता दोन शिक्षिकांविषयी सांगते. दोघी नेब्रास्कातल्याच.

पहिली मिनी फ्रीमन. ऑर्ड गावाजवळ तिची मातीची शाळा होती. मुलांना शाळेतच ठेवायचा तिचा विचार असेलही, पण वाऱ्याने छप्पर उडवून नेलं आणि प्रश्नच संपला. ती मुलांना घेऊन जवळच्या एका शेतघराकडे निघाली आणि सगळ्यांना सुखरूप घेऊन पोहोचली. मुलं किती होती? कोणी तेरा म्हणतं, कोणी सोळा. तिने त्यांना एका दोरीने बांधून नेलं ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ती खरी की नंतर जोडलेली, यावर वाद आहे. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. तिच्यावर गाणं निघालं, सोन्याचं घड्याळ भेट मिळालं, लग्नाच्या मागण्यांची तर रांग लागली. नेब्रास्काच्या विधानभवनात आज या प्रसंगाचं भिंतीवर काढलेलं मोझॅकचं चित्र आहे.

दुसरी लोइस रॉयस, प्लेनव्ह्यू गावाजवळची. त्या दिवशी तिच्याकडे तीनच मुलं उरली होती. दोन मुलगे नऊ-नऊ वर्षांचे आणि एक मुलगी सहा वर्षांची. दुपारी शेगडीत घालायचं जळण संपलं. थांबावं तर रात्री चौघंही गारठून जाणार. ती राहत होती ते घर जवळच होतं, आपल्या शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणा ना. ती मुलांचे हात धरून निघाली आणि वाट चुकली. रात्रभर उघड्यावर त्यांना पोटाशी घेऊन ती पडून राहिली. तिन्ही मुलं एकामागून एक गेली. पहाटे ती सरपटत घराशी पोहोचली. तिचे पाय कापावे लागले.

मी या दोघींकडे पुन्हा पुन्हा वळते. दोघींनी केलं ते एकच. मुलांना घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं. एकीला घर सापडलं, एकीला नाही. ओमाहाच्या एका वर्तमानपत्राने वादळातल्या अशा शिक्षिकांसाठी निधी उभारला, त्यात लोइसचंही नाव होतं, हे वाचून मला बरं वाटलं होतं. निदान लोकांनी तिला दोष दिला नाही. तिने स्वतःला दिला असेल का, हे वेगळं. काही शाळांत शिक्षिकांनी दार लावून घेतलं, बाकं फोडून शेगडीत घातली आणि मुलांना रात्रभर गोष्टी-गाणी सांगत जागं ठेवलं. ती मुलं वाचली. बाकं फोडायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. आपली नोकरीच तशी!

त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कची पाळी आली. रविवारी पाऊस होता, मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला आणि सोमवारी शहर सुमारे पावणेदोन फूट बर्फाखाली आणि त्याहून उंच ढिगाऱ्यांमध्ये गाडलं गेलं. असं काही येतंय याचा मागमूसही अंदाजात नव्हता. किनाऱ्यालगतच्या प्रदेशात मिळून चारशेच्या वर माणसं गेली. एकाच वर्षात ही दोन वादळं झाली. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, हवामान खातं लष्कराकडून काढून कृषी खात्याकडे दिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, ही तारा आणि झेंड्यांच्या काळातली गोष्ट झाली. आता उपग्रह आहेत, संगणक आहेत. मलाही तसंच वाटलं होतं. मग मी जानेवारी २००० ची गोष्ट वाचली.

त्या महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या हवामान खात्याने आपला नवा महासंगणक मोठ्या अभिमानाने कामाला लावला. आता अंदाज कितीतरी अचूक होणार म्हणून सांगितलं गेलं. बरोबर आठवड्याने, २५ जानेवारीला, किनाऱ्यावर असं हिमवादळ आलं की ज्याची आदल्या दिवशीपर्यंत फारशी चाहूल नव्हती. संगणकांनी ते समुद्रातच राहील असं दाखवलं होतं. राजधानी वॉशिंग्टनमधली माणसं आदल्या संध्याकाळी निवांत होती, सकाळी उठली तर सरकारी कचेऱ्या बंद. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहरात तर २०.३ इंच बर्फ पडला. तिथे एवढा बर्फ कधीच नोंदला गेला नव्हता.

नववीच्या मुलांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘टीचर, इतना बड़ा कम्प्यूटर था, फिर कैसे चुका?’ मी त्यांना फळ्यावर चौकटी आखून दाखवते. संगणक सगळं आकाश अशा चौकटींत वाटतो. प्रत्येक चौकटीत आत्ता तापमान किती, दाब किती, वारा कुठला, हे भरतो आणि गणिताने पुढच्या वेळेची किंमत काढतो. पण समुद्रावर मोजणारी ठाणी थोडी. तिथल्या चौकटी अर्ध्या अंदाजानेच भरलेल्या. सुरुवातीची बारीकशी चूक दर पायरीला वाढत जाते. एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हे जवळजवळ अपघातानेच पाहिलं. हवामानाचं गणित संगणकावर पुन्हा चालवताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढंच लिहिलं. शेपटीचे तीन आकडे गाळले, एवढंच. थोड्या वेळाने संगणकातलं हवामान आधीच्यापेक्षा पार वेगळं निघालं. परीक्षेत शेवटचे अंक गाळून उत्तर लिहिणाऱ्या माझ्या मुलांना ही गोष्ट फार आवडत नाही.

बर्फाच्या बाबतीत आणखी एक पंचाईत असते. शून्य अंशाच्या या बाजूला पाऊस, त्या बाजूला बर्फ. ती रेघ किनाऱ्याजवळ थोडी सरकली की एका शहरात नुसता चिखल होतो आणि शेजारच्या शहरात घरांची दारं उघडत नाहीत. पावसात असं होत नाही. तो जास्त पडो की कमी, पाणीच असतं.

उलट्या बाजूची चूकही तितकीच बोलकी आहे. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन-अडीच फूट बर्फाचा इशारा मिळाला. रस्ते बंद झाले. भुयारी रेल्वे एकशे दहा वर्षांत पहिल्यांदाच बर्फामुळे थांबवली गेली. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये मोजलं, तर ९.८ इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं. त्याच वादळाने मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहराला ३४.५ इंच दिले, म्हणजे ते खोटं नव्हतंच, फक्त न्यूयॉर्कच्या दारावरून निघून गेलं होतं. लोक चिडले, थट्टा झाली. न्यू जर्सीतल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख गॅरी शात्कोव्स्की यांनी ट्विटरवर सरळ माफी मागितली. माझा अंदाज चुकला, असं चारचौघांत म्हणणारा सरकारी माणूस मला तरी फार भेटलेला नाही.

तेव्हा संपूर्ण खात्याचे प्रमुख होते लुई उचेलिनी. हा माणूस तरुणपणी एका चुकलेल्या अंदाजाच्याच मागे लागला होता. फेब्रुवारी १९७९ मध्ये वॉशिंग्टनला थोडासा बर्फ पडेल असं सांगितलं होतं, पडला दीड फुटाहून जास्त. तो का कळला नाही, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. छत्तीस वर्षांनी त्यांच्याच खात्याचा अंदाज दुसऱ्या दिशेने चुकला, तेव्हा ते म्हणाले ते असं की अनिश्चितता किती आहे हे आम्ही लोकांना नीट सांगायला हवं होतं.

अम्मी टीव्हीसमोर बसलेल्या असताना निवेदिका म्हणते, ‘उद्या मुसळधार पाऊस होईल.’ अम्मी तिच्या वतीने ‘इन्शाअल्लाह’ म्हणून टाकतात. पूर्वी मला हसू यायचं. आता वाटतं, उचेलिनी साहेबांना जे वाक्यात बसवता येत नव्हतं ते अम्मी एका शब्दात बसवतात. तरी छत्री घेऊन जा असंही त्याच सांगतात.

कारण अंदाज बरोबर असूनही माणसं मरतात. पाकिस्तानातलं मरी हे थंड हवेचं ठिकाण तुमच्यापैकी अनेकांनी उर्दू कथा-कादंबऱ्यांत वाचलं असेल. जानेवारी २०२२ मध्ये तिथे जोरदार बर्फाचा इशारा आधीच दिला गेला होता. पण बर्फ पाहायलाच तर लोक निघाले होते! हजारो गाड्या घाटात अडकल्या. काचा लावून, हीटर चालू ठेवून कुटुंबं गाडीतच झोपली. बर्फात बुजलेल्या नळीतून धूर बाहेर जाईना. किमान बावीस माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता ते शेवटी लिहीन म्हटलेलं.

२६ जुलै २००५. मी कुर्ल्यातल्या एका उर्दू शाळेत नवी होते, पंचविशीतली. दुपारचं सत्र, चौथीचा वर्ग. जोराचा पाऊस येणार एवढं कानावर होतं, पण जुलैत मुंबईला हे रोजच कोणीतरी सांगतं. दोननंतर जे सुरू झालं ते पाऊस म्हणावं असं नव्हतं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्या आत. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. ते पुढे आलं.

मुख्याध्यापकांनी सांगितलं, ज्यांचं घरचं माणूस येईल त्यांना सोडा, बाकीच्यांना वर घ्या. तीनच्या सुमाराला माझ्या वर्गातल्या एका मुलीचा भाऊ दारात आला. तो आमच्याच शाळेत सातवीत होता. ‘आपा, अम्मी ने बोला है बहन को लेके आ.’ घर पंधरा मिनिटांवर. फाटकाशी पाणी घोट्यापर्यंत होतं. मी दोघांकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘हाथ मत छोड़ना.’

अर्ध्या तासात रस्त्यावर कमरेएवढं पाणी झालं.

उरलेल्या मुलांना घेऊन आम्ही दुसऱ्या मजल्यावर रात्र काढली. वीज गेली, फोन बंद पडले. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी पहाटे पातेलंभर खिचडी पोहोचवली, ती कशी पोहोचवली ते अजून मला नीट माहीत नाही. मुलं एकमेकांच्या दप्तरांवर डोकं ठेवून झोपली. मी दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन त्या रस्त्याकडे पाहत होते. काळं पाणी, बाकी काही नाही. दार मी उघडलं होतं. कोणी छप्पर उडवलेलं नव्हतं, जळण संपलेलं नव्हतं. मी नुसतं ‘जा’ म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील गळ्यापर्यंत भिजून आले. वर्गावर नजर फिरवत म्हणाले, ‘बाजी, मेरे बच्चे कहाँ हैं?’ ते समजत होते मुलं शाळेत आहेत. मी समजत होते घरी आहेत. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला जे झालं ते लिहिता येणार नाही. मी त्यांना खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, तसेच मागे वळले.

मुलं संध्याकाळी सापडली. वाटेतल्या एका चाळीच्या जिन्यावरून एका मावशींनी दोघांना हात देऊन वर खेचलं होतं. रात्री कोरडे कपडे घातले, भाकरी आणि बटाट्याची भाजी खाऊ घातली, आपल्या मुलांशेजारी झोपवलं. पाणी उतरेपर्यंत त्यांनी पोरांना खाली पाठवलं नाही. मुलगा हट्ट करत होता, आई वाट पाहत असेल म्हणून. त्या म्हणाल्या, वाट पाहू दे. ते वाक्य त्या मुलाने मला नंतर जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

शाळा उघडली तेव्हा ती मुलगी पहिल्या बाकावर येऊन बसली. मी तिला काय बोलावं हे ठरवत होते. तिने बाकाखाली हात घातला, आठवडाभर तिथेच राहिलेला डबा काढला, झाकण उघडून नाक दाबलं आणि म्हणाली, ‘आपा, ये मैं धो के आऊँ?’